चिंध्यांचे आसन

जुन्या लुगड्या-धोतरांची गोधडी कशी शिवावी हे आपल्या माता-भगिनींना सांगावे लागत नाही. त्याच जुन्या कपड्यांपासून जाड आसन किंवा पायपुसणे करण्याची एक निराळी रीत आहे. तिला ‘रग हुकिंग’ म्हणतात. शिवाजी पार्क येथील कार्यशाळेत आमच्या महिला मंडळाच्या भगिनींनी ती शिकून घेतली. तिची माहिती सर्वांना व्हावी, म्हणून हा लेख.

ही कला एकोणिसाव्या शतकात कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात वाढली. विकतचा गालिचा न परवडणाऱ्या कोळी व शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया धान्याच्या रिकाम्या गोणपाटावर फाटक्या कपड्यांच्या पट्ट्या गुंफीत. त्या गोणपाटाचा ताग मुख्यतः आपल्या बंगालमधून जाई.

कृती सोपी आहे. लाकडी चौकटीवर विरळ विणीचे कापड ताणून बसवावे. मुंबईच्या दमट हवेत गोणपाटाला बुरशी धरते, म्हणून जाडी दोसुती बरी. त्यावर नक्षी आखावी. जुन्या साड्या व चादरी धुऊन, वाळवून त्यांच्या साधारण पाऊण सेंटिमीटर रुंदीच्या पट्ट्या कापाव्यात. डाव्या हाताने पट्टी कापडाखाली धरावी; उजव्या हातातील आकडीने वरून भोक साधून तिचा फास वर ओढावा. दोन-तीन धागे सोडून पुढचा फास घ्यावा. कोठेही गाठ मारायची नाही. फास एकमेकांना दाटून धरतात. मात्र फार दाटी केली तर आसन फुगते. पट्टीची दोन्ही टोके वर काढून समान कापावीत. शेवटी कडा दुमडून सुती पट्टीने शिवावी. एक चौरस फूट भरण्यास साधारण चार चौरस फूट कापड लागते.

‘आता पुन्हा चिंध्याच का हाताळायच्या?’ असे आमच्यातील काही वडीलधाऱ्यांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायाने चांडाळांना प्रेतावरची वस्त्रे नेमून दिली होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाड येथे त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेच्या वेळी स्त्रियांपुढे बोलताना बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नीटनेटके राहण्याचा उपदेश केला. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावे, असे त्यांनी बजावले. दोष ठिगळात नव्हता, ते दुसऱ्याने लादण्यात होता.

विनयपिटकातील चुल्लवग्गात कौशांबीच्या उदेन राजाची कथा आहे. त्याच्या राण्यांनी आनंदांना पाचशे वस्त्रे दान दिली. इतक्या वस्त्रांचे काय करणार, असे राजाने विचारले. आनंद म्हणाले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना ती वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरणे करू, पांघरणांच्या गाद्यांच्या खोळी, खोळींची जमिनीवरची आसने, आसनांची पायपुसणी, त्यांची झटकणी. आणि तीही फाटली की चिखलात कुटून जमीन सारवू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली. तथागतांच्या संघात काटकसर ही लाजेची गोष्ट नव्हती.

तरीही एका बाबतीत सावध राहिले पाहिजे. कॅनडातील शेटिकँप गावच्या स्त्रिया मोठमोठे गालिचे करून देत, विक्री मात्र दुसऱ्याच्या हाती असे. मिळणारा मोबदला अपुरा वाटल्याने १९३० च्या दशकात त्यांच्यापैकी काही जणींनी स्वतःच विक्री सुरू केली. आपणही कापड फुकटचे म्हणून श्रम फुकट धरू नयेत. गावकीच्या कामात आपल्या वाडवडिलांचे श्रम असेच फुकट धरले गेले होते. प्रत्येकीने कामाचे तास वहीत लिहावेत, तेवढ्या तासांची मजुरी व सामानाचा खर्च मिळून किंमत ठरवावी आणि शक्यतो सर्वांनी मिळून विकावे.

आमची पहिली आसने आम्ही विहारातील वंदनेसाठी देणार आहोत. ते आमचे दान आहे. त्यानंतरची आसने योग्य दामानेच विकली जातील. ज्या भगिनींना ही कला शिकावयाची असेल त्यांनी घरातील जुनी, धुतलेली साडी घेऊन अवश्य यावे.

जय भीम!