तीव्र प्रकाशस्पंद आणि रेणवीय आयनांचा ‘स्फोट’

रेणूमधून एक अथवा अधिक इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे जो धनभारित रेणू उरतो, त्यास रेणवीय आयन म्हणतात. तीव्र लेसरस्पंदाने असा आयन भंगण्याच्या एका क्रियेस ‘कूलाँब स्फोट’ ही संज्ञा रूढ आहे. ‘स्फोट’ या शब्दाने उष्णता व ज्वाला यांचा बोध होतो. प्रस्तुत क्रियेत मात्र त्यांस स्थान नाही. रेणूस बांधून ठेवणारे इलेक्ट्रॉन हिरावले जातात आणि उरलेले धनभार परस्परांस दूर लोटतात, एवढाच येथे स्फोटाचा अर्थ होय.

हायड्रोजनच्या रेणवीय आयनाचे उदाहरण सर्वांत सुगम आहे. त्यात दोन प्रोटॉन व एकच इलेक्ट्रॉन असून प्रोटॉनांमधील अंतर सुमारे १.०६ अँगस्ट्रॉम असते. दर चौरस सेंटिमीटरला १०¹⁴ वॅट वा अधिक तीव्रतेच्या प्रकाशात प्रथम हा बंध शिथिल होऊन प्रोटॉन दुरावू लागतात. अंतर मूळच्याहून बरेच वाढले की इलेक्ट्रॉन निसटणे विशेष सुलभ होते. आणि तो जाताच उघडे प्रोटॉन विरुद्ध दिशांना फेकले जातात.

या भंगास मोजमापाचे मोल आहे. मूळ अंतरावरच स्फोट झाल्यास दोन्ही प्रोटॉनांस मिळून १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळेल. अंतर दुप्पट असल्यास ६.८. अर्थात् तुकड्यांच्या ऊर्जेवरून भंगाच्या क्षणीचे अंतर काढता येते. परंतु या आयनाचे एक कंपन सुमारे १५ फेम्टोसेकंदांत पुरे होते. (एक फेम्टोसेकंद म्हणजे १०⁻¹⁵ सेकंद.) स्पंद याहून दीर्घ असेल, तर मापन होईतो रेणूचा आकार पालटलेला असतो. म्हणूनच स्पंदाचा अल्पकाळ तीव्रतेइतकाच महत्त्वाचा.

तथापि अणुकेंद्रांची गतीही कधी कधी अपेक्षेहून शीघ्र असते. मुंबईतील कुलाबा येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीपक माथुर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली पाण्याच्या रेणूवर सुमारे १० फेम्टोसेकंदांचे स्पंद सोडले. तेव्हा हायड्रोजनच्या रेणवीय आयनांचाही उद्भव आढळला. ऑक्सिजनच्या दोन बाजूंस असलेले हायड्रोजन अणू एवढ्या अवधीत एकत्र येऊन नवा बंध जुळला होता.

तात्पर्य, तीव्र प्रकाशात रेणू केवळ तुटतो असे नव्हे. तुटता तुटता तो नवी घडणही करतो. ‘स्फोट’ ही संज्ञा वापरताना तिच्या कक्षेबाहेर राहणारा हा अर्धा भाग अभ्यासकाने विसरू नये.