तीन हजारांचे बारा हजार!

फेब्रुवारी २०२५मध्ये क्लॉड नावाच्या एआयने ट्विचवर ‘पोकेमॉन रेड’ खेळायला घेतला आणि कळंबच्या माझ्या मावसभावाला नवं वेड लागलं. फंडा सिम्पल आहे. लॅपटॉपवर गेमबॉयची नक्कल करणारा इम्युलेटर चालतो. एआय एजंट विचारतो, ‘खिशात किती?’ टूल मेमरीतले तीन बाइट वाचून देतं.

पण भावाचा निम्मा वेळ जातो टूलची माहिती लिहिण्यात! ‘अगं ताई, सुरुवातीचे ३००० मेमरीत ००-३०-०० असे साध्या दशमान अंकांत असतात. हे लिहिलं नाही, तर एजंट ते हेक्साडेसिमल समजून १२२८८ वाचेल.’ आणि बिनधास्त शॉपिंगला निघेल!

ऑफिसातला नवा ज्युनिअर निदान शेजारच्याला विचारतो. एजंट विचारेलच असं नाही. तेव्हा बॉस, ‘कोड चालतोय ना?’ म्हणून डॉक्युमेंटेशन टाळू नका.