एक चाल, पाच गळे

आपल्याकडे डोरेमॉन आला तो हिंदी बोलत, २००५ च्या सुमारास. त्यामुळे त्याचं मूळ जपानी गाणं मराठी घरांत फारसं कुणी ऐकलेलं नाही. ऐकायला हवं होतं.

१९७३ ची पहिली मालिका काही महिन्यांतच गुंडाळली गेली. एप्रिल १९७९ मध्ये टीव्ही आसाहीवर दुसरी सुरू झाली आणि तिच्याबरोबर आलं ‘डोरेमॉन नो उता’, म्हणजे सरळ ‘डोरेमॉनचं गाणं’. गायिका कुमिको ओसुगी. पोरानं एकेक हट्ट सांगायचा आणि मध्येच डोरेमॉननं स्वतःच्या आवाजात, म्हणजे नोबुयो ओयामांच्या त्या किंचित घोगऱ्या आवाजात, बोलत डोक्यावर लावायचा बांबू कॉप्टर हातात ठेवायचा. संगीतकार शुन्सुके किकुची. याच माणसानं गायिका-अभिनेत्री मेइको काजीसाठी ‘उरामी बुशी’ हे सूडाचं गाणं रचलं, जे पुढे टॅरँटिनोनं ‘किल बिल’मध्ये वापरलं. पोरांची चाल आणि सूडाची चाल एकाच पेटीतून निघाली, म्हणा ना!

ही चाल २६ वर्षं टिकली. गळे तेवढे बदलले: १९९२ पासून सातोको यामानो, मग तोक्यो पुरीन ही जोडी, रॉक गायिका मिसातो वातानाबे आणि शेवटी एजेआय. शेवटच्या तीन वर्षांत तीन आवाज. निर्मात्यांना बदल हवा होता, पण चालीला हात लावायचा धीर होत नव्हता, असंच मला वाटतं.

२००५ मध्ये ओयामांसह सगळे जुने आवाज निवृत्त झाले. तेव्हा हीच चाल चिनी वाद्यवृंदाकडून शब्दांविना वाजवून घेतली. मग मात्र ती शीर्षकातून गेलीच. माओ या गायिकेचं २००७ मधलं ‘युमे ओ कानाएते डोरेमॉन’ पुढे बारा वर्षं चाललं. गोड आहे, पण जरा जास्तच गोड.

फेब्रुवारी २०१८ मध्ये गेन होशिनोनं डोरेमॉनच्या चित्रपटासाठी गाणं काढलं, नाव फक्त ‘डोरेमॉन’. पुढच्या वर्षी ते मालिकेचं शीर्षकगीतही झालं. आघाडीच्या पॉप गायकाचं गाणं, त्यामुळे त्याचा बाज अर्थातच वेगळा. पण मधल्या संगीतात त्यानं किकुचींच्याच ‘बोकु डोरेमॉन’ या दुसऱ्या जुन्या गाण्याचा तुकडा अलगद ओवलाय. किकुची २०२१ मध्ये वारले.

किकुचींचं आणि होशिनोचं, दोन्ही गाणी लागोपाठ ऐका. आधी १९७९ चं.