कपाशीच्या फुलातील मधुरस व त्याचे चोर

यवतमाळ जिल्ह्यात मृगाच्या पावसावर पेरलेली कपाशी श्रावण-भाद्रपदात फुलावर येते. सकाळी फुले उमलली म्हणजे शेतात मधमाश्या, भुंगे, मुंग्या व गांधीलमाश्या यांची वर्दळ सुरू होते. या वेळी नीट निरीक्षण केल्यास एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. काही मधमाश्या फुलाच्या तोंडाकडे न जाता बाहेरून देठाकडच्या बाजूस बसतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी असलेल्या फटीतून सोंड घालून मधुरस शोषून घेतात. परागाला त्यांचा स्पर्शही होत नाही. फूल मधुरस देते ते पराग वाहून नेण्याची मजुरी म्हणून; येथे काम न करताच मजुरी उचलली जाते. फुलांवरील अशी चोरी जर्मन अभ्यासक स्प्रेंगेल याने १७९३ सालीच नोंदवून ठेविली आहे.

फुलांभोवती असे किडे दिसले की पिकाला कीड लागली असा समज होण्याचा संभव असतो. परंतु पंप खांद्यावर घेण्यापूर्वी झाडाने स्वतः कोणता बंदोबस्त केला आहे, हे समजून घेणे हिताचे आहे.

झाडाचा बंदोबस्त

फुलातील मधुग्रंथी पुष्पकोशाच्या आतल्या बाजूस, अगदी तळाशी असते. तेथे जाणाऱ्या फटींच्या कडेला लांब केसांची गुंतागुंतीची जाळी असते. हे जणू शेताचे काटेरी कुंपणच होय. मुंग्यांसारख्या लहान किड्यांना त्यातून वाट मिळत नाही. लांब सोंडेच्या मधमाशीस मात्र रस पोचतो.

दुसरी व्यवस्था याहून कौतुकाची आहे. कपाशीच्या पानाच्या मागील बाजूस मधल्या शिरेवर, तसेच पाते व बोंड यांभोवतीच्या झालरदार हिरव्या पानांच्या बुडाशी फुलाबाहेरच्या मधुग्रंथी असतात. मुंग्यांना बाहेरच रस मिळाला म्हणजे त्यांना फुलात शिरण्याचे कारण उरत नाही. शिवाय रसासाठी झाडावर फिरणाऱ्या मुंग्या अळ्या व अंडी उचलून नेतात. अळीने पान कुरतडले असता या ग्रंथींतून अधिक रस पाझरतो, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे राखणदाराची गरज वाढताच झाड त्याची मजुरीही वाढविते.

तिसरी गोष्ट म्हणजे कपाशीचे फूल परक्यावर सर्वस्वी अवलंबून नसते. त्याचे बहुतांश फलन स्वतःच्याच परागाने होते; मधमाश्यांमुळे त्यात भर पडते. म्हणून थोडा मधुरस चोरीस गेला तरी बोंड धरण्यास सहसा बाध येत नाही.

इतर वनस्पतींचे उपाय निराळे आहेत. पळसाच्या फुलाचा तळ जाड मखमली कोशाने झाकलेला असतो. चित्रकाच्या कोशावर चिकट केस असून वर चढू पाहणारे बारीक किडे त्यांत अडकतात.

एक दोष

बाहेरच्या या रसावर ढालकिडे, क्रायसोपा इत्यादी मित्रकिडी जगतात, तसेच बोंडअळीचे पतंगही पोसले जातात. म्हणून हवाई बेटांवरील एका रानकपाशीपासून अशा मधुग्रंथी नसलेले वाण संशोधकांनी तयार केले. परंतु रस नाहीसा झाला की मित्रकिडींचेही अन्न तुटते. मुंग्यांविषयीही एक सावधगिरी हवी. त्या माव्याच्या वसाहतीभोवती जमत असतील, तर माव्याच्या गोड चिकट्यासाठी त्या त्याचेच रक्षण करीत असतात.

चोर कोणता, शत्रू कोणता?

हा भेद न ओळखण्याची किंमत मोठी असते. सन २०१७ च्या खरिपात याच जिल्ह्यात कपाशीवर औषध फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. ज्या फवारणीची गरजच नाही, ती टाळणे हा पहिला बचाव होय.

फुलाच्या बुडाशी बसलेली मधमाशी शत्रू नव्हे. पाकळ्या न उमलता एकमेकींत गुरफटलेली डोमकळी मात्र गुलाबी बोंडअळीची खूण आहे. अशा कळ्या तोडून अळीसह नष्ट कराव्यात. हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. एका सापळ्यात सलग ३ दिवस रोज ८ पतंग सापडू लागल्यास कृषी खात्याच्या सल्ल्याने उपाय योजावा. पातेगळ दिसल्यास पाण्याचा ताण, साचलेले पाणी व ढगाळ हवा ही कारणेही तपासावीत. फवारणी अटळच असेल तर मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी करावी. हातमोजे व तोंडावर आवरण वापरावे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये आणि मनाने औषधांची मिश्रणे करू नयेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी फुलोऱ्याच्या दिवसांत एके सकाळी चार शेतकऱ्यांना शेतात न्यावे, कपाशीचे पान उलटवून शिरेवरील रसाचा थेंब दाखवावा आणि त्यावर कोण येते हे घटकाभर पाहू द्यावे. झाडाने नेमलेले राखणदार एकदा डोळ्यांनी पाहिले म्हणजे शेतकरी त्यांच्यावर विष टाकण्यापूर्वी निश्चितच विचार करील.