छिद्रांनी हायड्रोजन किती स्वस्त होतो?

पाण्यातून हायड्रोजन काढण्याच्या बातम्यांत हल्ली उत्प्रेरक म्हणून नॅनोसच्छिद्र धातूंचं नाव हमखास येतं. इतकी बारीक छिद्रं पाडायला फार महागडी यंत्रं लागत असतील, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ही छिद्रं कुणी कोरत नाही. सोन्या-चांदीचा मिश्रधातू नायट्रिक ॲसिडमध्ये ठेवला की चांदी विरघळू लागते. उरलेले सोन्याचे अणू पृष्ठभागावर सरकत एकमेकांना बिलगतात, त्यामुळे खालची चांदी उघडी पडते आणि तीही विरघळते. शेवटी नॅनोमीटरच्या मापाच्या बारीक धाग्यांची जाळी उरते. ती दिसते निस्तेज तपकिरी, पण असतं सोनंच. विटा-खानापूर भागातून देशभर गेलेले गलाई व्यावसायिक सोनं तेजाबात शुद्ध करतात, त्यामागचं रसायनशास्त्र हेच. अमेरिकेत मरे रेनी यांनी १९२०च्या दशकातच निकेल-ॲल्युमिनिअममधलं ॲल्युमिनिअम कॉस्टिक सोड्याने काढून सच्छिद्र निकेल बनवलं होतं. वनस्पती तेलं घट्ट करण्यासाठी शोधलेलं ते निकेल पुढे विजेने पाण्यातून हायड्रोजन वेगळा करणाऱ्या अल्कलाइन इलेक्ट्रोलायझरमध्येही वापरलं गेलं.

दुसरा समज जास्त घातक आहे: उत्प्रेरक चांगला असला की हायड्रोजन जवळजवळ फुकट मिळेल. एक किलो हायड्रोजनमध्ये सुमारे ३९ युनिट ऊर्जा साठते आणि तेवढी बाहेरून भरावीच लागते. कोणताही उत्प्रेरक हा हिशेब बदलू शकत नाही. आजची यंत्रं साधारण ५० ते ५५ युनिट घेतात. उत्प्रेरकाला वाव आहे तो या वरच्या फरकात, आणि त्यातलाही काही भाग पडदा, द्रावण आणि पंप यांच्यावर खर्च होतो.

यावर कुणी म्हणेल, छिद्रांमुळे पृष्ठभाग शंभरपट झाला तर फायदाही शंभरपट नको का? नाही. क्रियेचा वेग आणि त्यासाठी लागणारं जादा व्होल्टेज यांचं नातं लॉगरिदमचं आहे. अनेक उत्प्रेरकांवर वेग दसपट करायला ३० ते १२० मिलिव्होल्ट जास्त लागतात. म्हणून त्याच प्रवाहाला पृष्ठभाग दसपट मिळाला, तर वाचतातही तेवढेच. ६० मिलिव्होल्ट धरले तर किलोमागे दीडेक युनिट. मोठ्या कारखान्यात ही बचत मोलाचीच आहे, पण ती सगळी छिद्रं कामाला लागली तरच. खोल, अरुंद छिद्रांत वायूचे बुडबुडे अडकतात, द्रावण आत पोचत नाही आणि आतला महाग धातू नुसता बसून राहतो. म्हणूनच निव्वळ बारीक छिद्रांपेक्षा मोठ्या वाटा आणि लहान छिद्रं यांची जोड चांगली ठरते. ब्रिटिश अभियंते फ्रान्सिस बेकन यांच्या, उलट हायड्रोजनपासून वीज बनवणाऱ्या इंधनघटात निकेलच्या इलेक्ट्रोडला वायूकडे मोठी आणि द्रावणाकडे लहान छिद्रं होती. ती नॅनो नव्हे, मायक्रॉनच्या मापाची होती, आणि त्याच घटाच्या सुधारित रूपाने अपोलो यानांना वीज पुरवली.

टिकाऊपणाचा प्रश्न तर बातम्यांत क्वचितच येतो. बारीक धाग्यांवरचे अणू स्थिर बसत नाहीत. जाळी हळूहळू जाड होते, छिद्रं मोठी होतात आणि कमावलेला पृष्ठभाग कमी होत जातो. उष्णतेने हे आणखी वेगाने घडतं. तेव्हा ‘शंभरपट पृष्ठभागाचा उत्प्रेरक’ असं वाचलंत, तर तीन गोष्टी जरूर विचारा: मोजमाप किती प्रवाहावर घेतलं, उत्प्रेरक सलग किती तास टिकला, आणि किलोमागे किती युनिट वाचली?