संगणक दार उघडत नाही तेव्हा

उल्हासनगरात पत्ता सांगण्याची रीत अजून छावणीचीच आहे. कॅम्प नंबर ३, अमुक सेक्शन, तमुक बरॅक, आणि मग खोलीचा नंबर. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराचा तळ होता. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला आणि १९४९ साली वस्तीला उल्हासनगर हे नाव पडले. सैनिक गेले, नंबर मात्र राहिले. आज या छावणीची आठवण काढण्याचे कारण थोडे निराळे आहे. घरच्या संगणकात शिरताना आपण जो पासवर्ड देतो, तो म्हणजे छावणीच्या फाटकावरचा परवलीचा शब्दच होय. फाटकावर पहारेकरी असतो, तो नाव विचारतो, शब्द विचारतो, आणि तो पटला म्हणजे आपण आपल्या खोलीकडे जातो. फाटक आणि खोली या दोन गोष्टी आपण मनात वेगळ्या ठेवल्यात, तर आजचा निम्मा विषय समजलाच म्हणून समजा.

विषय आताच का निघाला, तेही सांगतो. विंडोज १० या प्रणालीचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळ जुनी यंत्रे तिच्या पुढच्या आवृत्तीला चालत नाहीत. यंत्र तर धडधाकट आहे, मग ते भंगारात का घालायचे? अशा वेळी जाणती मुले त्यावर लिनक्स घालतात. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने या प्रणालीचा गाभा लिहिला. ती मुक्तस्रोत आहे, म्हणजे तिचे मूळ लिखाण कोणालाही पाहता येते, बदलता येते. उबुंटू आणि लिनक्स मिंट ही तिचीच घरोघरी चालणारी रूपे, आणि ती फुकट मिळतात. आता होते काय, मुलगा दिवाळीच्या सुटीत लिनक्स घालून देतो आणि पुण्याला नोकरीवर परत जातो. मग एके दिवशी सकाळी यंत्र घरच्या माणसांना आत घेत नाही. ते पिशवीत घालून दुकानात न्यावे, तर उत्तर मिळते, “फॉरमॅट मारावा लागेल.”

हा शब्द कानी पडला की जरा थांबा. फॉरमॅट करणे म्हणजे किल्ली हरवली म्हणून घर पाडणे. आत लेकीच्या लग्नाचे फोटो असतात, बचत गटाचा हिशेब असतो, गुरुजींची निकालपत्रके असतात. ती सारी त्यात जातात. आणि बहुतेक वेळा दाराला झालेले असते काय, तर अगदीच क्षुल्लक!

तेव्हा पहिला प्रश्न हा, की नेमके घडते काय? “लॉगिन होत नाही” एवढे पुरेसे नाही. डॉक्टरांना नुसते “बरे वाटत नाही” सांगून भागते का? पासवर्ड टाकल्यावर “चुकीचा आहे” असा निरोप येतो, की पडदा क्षणभर काळा होऊन पुन्हा तेच नाव-पासवर्डाचे पान समोर येते? पहिल्या प्रकारात आपल्याला फाटकावर अडवले आहे. दुसऱ्या प्रकारात पहारेकऱ्याने आत सोडले आहे, पण खोलीचे दार उघडत नाही म्हणून आपण परत फाटकाशी आलो आहोत. दोन्ही दुखण्यांचे औषध अगदी वेगळे आहे.

आधी फाटकावरचे पाहू. पासवर्ड चुकला असे यंत्र म्हणते, आणि आपण तर तोच टाकतो आहोत. येथे सर्वांत आधी कळफलकाकडे पाहावे. कॅप्स लॉकचा दिवा लागला असेल तर लहान अक्षरे मोठी उमटतात, आणि लिनक्सच्या लेखी लहान-मोठे अक्षर म्हणजे दोन वेगळी अक्षरे. उजवीकडच्या अंकांच्या कळा वापरत असाल तर नम लॉक चालू आहे ना, तेही पाहावे.

पण आपल्याकडचे खास दुखणे भाषेचे आहे. आमच्या कॅम्पात एकाच घरात इंग्रजी, मराठी, हिंदी, कुठे सिंधी, अशा दोन-तीन भाषांचे कळफलक यंत्रात बसवलेले असतात. रात्री कोणी मराठीत पत्र लिहिले आणि कळफलक मराठीवरच राहिला, तर सकाळी काय होईल? इनस्क्रिप्ट या कळफलकात इंग्रजी आरच्या कळीवर दीर्घ वेलांटी आहे, एच्या कळीवर ओकाराची काना-मात्रा, आणि एमच्या कळीवर स. म्हणजे आपण आर-ए-एम दाबले तर यंत्राला वेलांटी, ओकार आणि स मिळतो. ते पासवर्ड कसा मानेल? आणि गंमत अशी, की पडद्यावर नुसते ठिपके दिसतात, त्यामुळे आपल्याला काही कळतच नाही. यावर युक्ती सोपी आहे. प्रवेशाच्या पानावर कोपऱ्यात भाषेची खूण असते, ती इंग्रजीवर आणावी. काही ठिकाणी पासवर्डाच्या चौकटीत डोळ्याचे चिन्ह असते, त्यावर टिचकी मारली की ठिपक्यांऐवजी अक्षरे दिसतात. घाईघाईने पुन्हा पुन्हा चुकीचा शब्द मात्र टाकू नये. लिनक्सच्या काही रूपांत लागोपाठ तीन चुका झाल्या की पहारेकरी दहा मिनिटे खरा शब्दही ऐकून घेत नाही.

हे सारे पाहूनही आत जाता येईना, तर पासवर्ड खरोखरच विसरला आहे. येथे एक समजूत दूर केली पाहिजे. “तुमचा पासवर्ड यंत्रातून काढून देतो” असे कोणी म्हणाले तर सहसा विश्वास ठेवू नये. यंत्रात पासवर्ड लिहून ठेवलेलाच नसतो. गिरणीत गहू दळले की पीठ होते, पण पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत. तसेच आपला शब्द दळून त्याचे पीठ तेवढे यंत्र साठवते. पुढच्या वेळी आपण दिलेला शब्द पुन्हा दळते आणि दोन्ही पिठे जुळवून पाहते. दळण्यापूर्वी प्रत्येकाच्या गव्हात निराळे चिमूटभर मीठ घालतात, म्हणजे दोघांचा शब्द एकच असला तरी पीठ वेगळे पडते. त्याला इंग्रजीतही मीठच म्हणतात, बरे का! रॉबर्ट मॉरिस आणि केन टॉम्प्सन यांनी १९७९ साली आपल्या लेखात ही मिठाची युक्ती मांडली, आणि आजही तत्त्व तेच आहे. तेव्हा जुना शब्द परत मिळत नाही, नवा मात्र घालता येतो.

तो असा. यंत्र सुरू होताना शिफ्टची कळ दाबून धरावी. नव्या यंत्रांत एस्केपची कळ एकदा दाबावी. एक यादी येते. तीत ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’ निवडावे आणि आत ‘रिकव्हरी मोड’ लिहिलेली ओळ घ्यावी. पुढच्या यादीत ‘रूट’ असे असेल, ते निवडावे. उबुंटू आणि मिंटमध्ये सर्वसाधारणपणे येथे पासवर्ड मागत नाहीत. रूट म्हणजे छावणीचा कमांडंट, त्याला सगळ्या खोल्या खुल्या. आता काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायच्या. त्या मी येथे अक्षरांची नावे घेऊन सांगतो, पण टंकताना इंग्रजी लहान अक्षरेच दाबावीत आणि प्रत्येक आज्ञेनंतर एंटर करावे.

पहिली आज्ञा तबकडीवर लिहिण्याची परवानगी घेण्याची: एम-ओ-यू-एन-टी, रिकामी जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून ओ, रिकामी जागा, आर-ई-एम-ओ-यू-एन-टी, स्वल्पविराम, आर-डब्ल्यू, रिकामी जागा, आणि शेवटी तिरपी रेघ. तिरपी रेघ म्हणजे प्रश्नचिन्हाच्या कळीवरची. आपले यंत्रातले नाव आठवत नसेल तर एल-एस, रिकामी जागा, तिरपी रेघ, एच-ओ-एम-ई असे टंकावे, म्हणजे राहणाऱ्यांची नावे दिसतात. मग पी-ए-एस-एस-डब्ल्यू-डी, रिकामी जागा आणि ते नाव. मधली ओ-आर ही अक्षरे गाळलेली आहेत, ते छापील चूक समजू नका. युनिक्स रचणाऱ्यांना अक्षरे वाचवण्याची फार हौस होती. आता नवा पासवर्ड दोनदा विचारला जाईल. टंकताना पडद्यावर काही म्हणजे काहीच उमटत नाही, ठिपकेही नाहीत. येथे पुष्कळजण यंत्र अडकले असे समजून बटण बंद करतात. तसे करू नये, टंकत राहावे. शेवटी आर-ई-बी-ओ-ओ-टी लिहिले की यंत्र पुन्हा सुरू होते.

आत गेल्यावर कदाचित ‘कीरिंग’ म्हणजे किल्ल्यांचा जुडगा जुना पासवर्ड मागेल. न्याहाळकाने लक्षात ठेवलेले काही पासवर्ड त्या जुडग्यात असतात, आणि त्याचे कुलूप अजून जुनेच असते. जुना शब्द आठवतच नसेल तर तो जुडगा टाकून नवा करावा लागतो. फोटो आणि कागदपत्रे यांना मात्र धक्का लागत नाही.

आता दुसरे दुखणे, म्हणजे पासवर्ड पटतो आणि तरीही यंत्र परत फाटकाशी आणून सोडते. हे ओळखायला एक फार उत्तम परीक्षा आहे. कंट्रोल आणि आल्ट या कळा दाबून धरून एफ-३ दाबावे. चित्रांचे पान जाऊन नुसती अक्षरे दिसतात. तेथे नाव टंकावे, पासवर्ड टंकावा. आत शिरलात, तर पासवर्ड खरा आहे आणि दोष खोलीत आहे, हे सिद्ध झाले. मग पासवर्ड बदलत बसण्यात अर्थ नाही.

खोलीचे दार का उघडत नाही? नेहमीचे कारण, खोली भरून गेली आहे. सिनेमे, मोबाइलवरून उतरवलेले व्हिडिओ, यांनी तबकडी शिगोशिग भरते. चित्रांचे पान उघडताना यंत्राला आपल्या खोलीत दोन-चार छोट्या चिठ्ठ्या लिहाव्या लागतात, आणि त्यांनाही जागा नसते. मग यंत्र सुरू तरी कसे होते, असा चाणाक्ष श्रोता विचारील. लिनक्सची नेहमीची तबकडी-रचना शेकडा पाच जागा रूटसाठी, त्या कमांडंटसाठी, राखून ठेवते. म्हणून छावणीचा कारभार चालतो आणि अडतो तो फक्त रहिवासी. हे तपासायला त्या अक्षरांच्या पानावर डी-एफ, रिकामी जागा, आडवी रेघ आणि तिला चिकटून एच, असे टंकावे. ज्या ओळीच्या शेवटी एकटी तिरपी रेघ असेल, तिच्यात १०० टक्के दिसले की चोर सापडला. एस-यू-डी-ओ, जागा, ए-पी-टी, जागा, सी-एल-ई-ए-एन, ही आज्ञा दिली की यंत्राने पूर्वी उतरवून ठेवलेली स्थापनेची गाठोडी पुसली जातात आणि बऱ्याचदा आत शिरण्यापुरती जागा होते. पुढची झाडलोट आत जाऊन सावकाश करावी. काळ्या पडद्यावरून फाइली पुसण्याची आर-एम ही आज्ञा नवख्याने वापरू नये. तिने पुसलेले कचरापेटीत जात नाही, ते गेलेच.

जागा भरपूर असूनही तसेच होत असेल, तर खोलीतली एखादी चिठ्ठी दुसऱ्याच्या मालकीची झालेली असते. कोणी एस-यू-डी-ओ लावून, म्हणजे कमांडंटच्या अधिकाराने, चित्रांचा एखादा कार्यक्रम चालवला की असे घडते. मिंटसारख्या लिनक्समध्ये त्या चिठ्ठीचे नाव ठिपका, मोठा एक्स, आणि त्याला जोडून ए-यू-टी-एच-ओ-आर-आय-टी-वाय असे आहे. ती पुसू नका, तिचे नाव बदला: एम-व्ही, जागा, हे नाव, जागा, आणि जे-यू-एन-आय. पुढच्या प्रवेशाला यंत्र नवी चिठ्ठी आपली आपण लिहून घेते.

एखादे वेळी कालच्या सुधारणेनंतर चित्रांची यंत्रणाच बिघडलेली असते आणि प्रवेशाचे पान येतच नाही. तेव्हा मघाच्याच ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गाभ्याची मागची आवृत्ती निवडून पाहावी. लिनक्स जुना गाभा लगेच फेकून देत नाही, ही त्याची मला फार आवडणारी सवय आहे.

यातले काहीच साधले नाही तरी फॉरमॅटपूर्वी एक गोष्ट करून घ्यावी. ज्या पेनड्राइव्हवरून लिनक्स घातले, त्याच पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करता येते. ‘ट्राय’ म्हणजे ‘वापरून पाहा’ असा पर्याय घ्यावा. ‘इन्स्टॉल’ मुळीच दाबू नये. मग आतली तबकडी उघडून फोटो आणि कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवावीत. दुकानदारालाही हेच सांगावे: “भाऊ, आधी माझ्या फाइली काढून द्या, मग काय ते करा.” जाणत्या कारागिराला याचा राग येत नाही.

आता शिक्षक बंधुभगिनींच्या मनात शंका आली असेल. रिकव्हरी मोडमध्ये जाऊन कोणीही पासवर्ड बदलू शकतो, तर मग त्या पासवर्डाचा उपयोग काय? शंका रास्त आहे. घरातल्या पोराटोरांपासून तो राखण करतो, यंत्रच उचलून नेणाऱ्या चोरापासून नाही. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक आणि गुण ज्या यंत्रावर आहेत, तेथे लिनक्स घालतानाच संपूर्ण तबकडी कूटबद्ध करण्याचा पर्याय घ्यावा. मात्र त्या तबकडीचा शब्द विसरला, तर वर सांगितलेला एकही उपाय चालत नाही. कमांडंटही नाही, पेनड्राइव्हही नाही. तो शब्द कागदावर लिहून शाळेच्या कपाटात, मुख्याध्यापकांच्या कुलपात ठेवावा, आणि त्याच्या शेजारी फाइलींची प्रत असलेली दुसरी डिस्कही ठेवावी.