राबाचा धूर आणि काजळीचे वय

तुपाच्या वातीवर ताटली धरून काजळ पाडणे आपल्या आज्यांना ठाऊक होते. ताटलीवर जमतो तो न जळलेला कार्बन. ज्योतीला पुरेशी हवा मिळाली, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो; कमी पडली, की काजळी उरते. चुलीत, शेकोटीत आणि राबात हेच घडते.

धाकटी डहाणूच्या खाडीकडून औष्णिक केंद्राची २७५ मीटरची चिमणी दिसते. पूर्वेच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यापूर्वी राब भाजतात. हवेतली काजळी यांपैकी कोणाची? सहज बोट चिमणीकडे जाते. पण मोठ्या बॉयलरमध्ये कोळशाची भुकटी भरपूर हवेत जळते, म्हणून काजळी थोडी निघते. चिमणीचे दोष वेगळे: कार्बन डायऑक्साइड, राख आणि गंधकाचा वायू. त्या वायूसाठीची यंत्रणा येथे २००७ मध्ये सुरू झाली. त्यामागे १९९१ ची केंद्राची अधिसूचना, १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आणि न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाचा पाठपुरावा होता.

काजळीला जन्मखूणही असते. जिवंत झाडात किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. त्याचे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. कोट्यवधी वर्षांच्या कोळशात, डिझेलमध्ये तो उरत नाही. स्टॉकहोमचे ओर्यान गुस्ताफसन आणि सहकाऱ्यांनी सिंहगडावर व मालदीवमध्ये हिवाळी हवेतले कण गोळा करून तो मोजला. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: मोजण्याच्या पद्धतीनुसार निम्मी ते दोन-तृतीयांश काजळी लाकूड, शेण, काडीकचरा अशा जैव जळणाची होती.

मात्र ही खूण झाड सांगते, चूल की राब हे सांगत नाही. हिवाळ्यात वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो; राब भाजतात उन्हाळ्यात. तेव्हा त्या काजळीचा दोष राबावर टाकणे चुकीचे ठरेल. चुली मात्र बारमाही पेटतात, आणि त्यांचा धूर आधी स्वयंपाक करणारीच्या छातीत जातो.

राब हा अडाणीपणाही नव्हे. शेण, पाला, गवत आणि माती यांचे थर भाजले, की तणाचे बी मरते, माती भुसभुशीत होते, राखेतून पालाश मिळते आणि रोप जोमदार उठते. ठाणे-कुलाब्यातल्या राबाच्या हक्कावरून ब्रिटिश सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला होता. पर्याय द्यायचा तर रोप तितकेच चांगले यायला हवे. डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री पद्धतीत भाताच्या तुसाची काळी राख रोपवाटिकेत मिसळतात. तिच्यातली सिलिका रोपाला बळ देते आणि फांद्या तोडाव्या लागत नाहीत.

कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके हवेत राहतो. काजळी ऊन शोषून हवा तापवते, पण काही दिवसांतच पावसाबरोबर खाली येते. म्हणून आज चूल सुधारली, तर हवा याच हंगामात सुधारते. त्याचा खर्च मात्र त्या चुलीशी बसणारीवर पडू नये.